राज्य बदलले, मग करही बदलतो का?

मैत्रिणींनो, केंद्र सरकारच्या कचेरीतून इंदूरला निवृत्त होऊन मामंजी आणि सासूबाई आमच्याकडे देऊळघाटला कायमचे राहायला आले. सामान लावून होते न होते तोच शेजारच्या काकूंनी विचारले, "काय गं, आता महाराष्ट्राचा वेगळा कर भरावा लागणार म्हणे?" खरे सांगते, बी. ए. झालेली मी, पण मलाही उत्तर येईना. मग चौकशी केली.

प्राप्तिकर, म्हणजे आपला इन्कम टॅक्स, केंद्र सरकारचा असतो. इंदूरला राहा की देऊळघाटला, दर तेच. पॅन क्रमांकही तोच. अमेरिकेत मात्र बऱ्याच राज्यांचा स्वतःचा प्राप्तिकर आहे, फ्लोरिडासारख्या काही राज्यांत तो नाही. म्हणून तिकडची आपली मंडळी निवृत्तीनंतर राज्य निवडताना हाही हिशेब करतात.

आपल्याकडे राज्य घेते तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९७५ चा. वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त तो लावता येत नाही. हा कर कामधंद्यावर असतो, पेन्शनवर नाही. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे, त्यामुळे माझ्या अर्धवेळ शिकवण्याच्या पगारातून कापला जात नाही.

एवढे कळल्यावर आम्ही निर्धास्त झालो, आणि तिथेच चुकलो. मामंजींची ठेव इंदूरच्या बँकेत होती. त्यांना कर लागत नव्हता, पण 'व्याजातून कर कापू नये' हा अर्ज त्या वर्षी द्यायचा राहिला. पत्ताही बदलला नव्हता. कर कापला गेला आणि पत्र गेले जुन्या घरी! त्याच सुमारास मामंजी आठ दिवस दवाखान्यात होते. पैसे कुठे आहेत, हे सासूबाईंना सांगता येईना. त्या एवढेच म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला, पण हे मला कुणी सांगितलंच नाही गं."

विवरणपत्र भरल्यावर कापलेले पैसे परत मिळाले. पण तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून एवढे करा :

• घर बदलले की बँकेत आणि पॅनच्या नोंदीत पत्ता व मोबाइल क्रमांक बदलून घ्या.
• कर लागत नसेल तर व्याजाचा अर्ज दरवर्षी एप्रिलमध्येच द्या.
• हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्या. ऐंशी वर्षांवरील केंद्राच्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासून देता येतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण'मुळे तो आधारच्या मदतीने घरबसल्याही देता येतो.
• जुन्या गावचे घर भाड्याने दिले असेल तर ते भाडेही उत्पन्नात धरा. तिथली घरपट्टी तिथेच भरावी लागते.
• ठेवी, खाती आणि वारसदारांची नावे एका वहीत लिहा.

आमच्याकडे ती वही आता सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. तुम्हीही येत्या रविवारी, दुपारची जेवणे झाली की, ह्यांना समोर बसवा आणि लिहायला घ्या!