फाइल चार्ज आणि स्टेपनीतलं पाणी

"जाऊ दे ना यार, हजार रुपयांसाठी कुठे डोकं लावतोस?" गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलंय. ऑफिसातल्या एकाने तर माझा ताशी रेट काढून दाखवला आणि भांडण कसं घाट्यात आहे हे सिद्ध केलं. म्हटलं, आज याच्यावरच लिहू.

झालं असं. सिंहगड रस्त्यावर सिग्नलला उभा होतो. मागून टेम्पो आला, माझ्या डिकीवर आदळला आणि मी पुढच्या रिक्षावर. टेम्पोवाला पसार. गाडी कॅशलेस गॅरेजमध्ये टाकली, सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेले. बिल हातात आलं तर त्यात कंपल्सरी डिडक्टिबल दोनदा! का? तर पुढचं डॅमेज एक घटना, मागचं दुसरी. म्हणजे सँडविच झालेल्या माणसाला दोन अपघात झाले. धन्य.

आता हे डिडक्टिबल म्हणजे काय? क्लेममधला तुमच्या खिशातून जाणारा ठरलेला वाटा. गॅरेजवाले त्याला फाइल चार्ज म्हणतात. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० रुपये, त्यावर २०००. झिरो डेप घेतलं म्हणून तो सुटत नाही, बरेच जण इथेच फसतात. माझा त्याला तत्त्वतः विरोध नाही. प्रत्येक ओरखड्याला क्लेम लागायला लागले तर प्रीमियम सगळ्यांचाच वाढेल. पण तो घटनेमागे असतो, पोच्यामागे नाही.

पुढे गंमत आहे. माझ्याकडे झिरो डेप नव्हतं. पेंटिंगचं बिल १४,००० आणि घसारा म्हणून त्यातून सरळ ७,००० कापलेले. पेंटवर घसारा ५० टक्के हे खरं, पण तो फक्त मटेरियलवर! मजुरीला कसला घसारा? आणि बिल एकत्र असेल तर मटेरियल एकूण पेंटिंगच्या २५ टक्के धरायचं असा नियम आहे. म्हणजे ३,५०० च्या निम्मे, १,७५०. जास्तीचे कापलेले ५,२५०. वरचा हजार धरून ६,२५० झाले. हे गणित सातवीतला मुलगा करेल. पण पाच मिनिटं बिल घेऊन बसायचं कुणी? आपण लाखाचं अप्रेझल दशांशापर्यंत तपासतो आणि इथे कार्ड स्वाइप करून मोकळे होतो.

आणि एवढं घेऊन काम कसं, तर पहिल्याच जोरदार पावसात स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी. डिकी नीट बसलीच नव्हती. उन्हात बघितलं तर तिचा रंग बाकी गाडीपेक्षा एक शेड गडद. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, पावसाळ्यात थोडं होतंच. आणि तुम्ही सही केली आहे ना?"

केली होती खरी. आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. किल्ली मिळण्याआधी, गाडी अजून वॉशिंगला असताना, काउंटरवर 'कामाबद्दल समाधानी आहे' असा कागद पुढे सरकवतात. त्याशिवाय बिल पुढे जात नाही म्हणे. टेस्टिंग न करता रिलीजवर सही मागितली तर आपण ऑफिस डोक्यावर घेऊ, पण गॅरेजमध्ये मुकाट पेन उचलतो. कॅशलेसमध्ये गॅरेजचं खरं गिऱ्हाईक विमा कंपनी असते, तुम्ही नाही. पैसे तिच्याकडून आले की विषय संपला. गाडी मात्र तुमची, आणि चार वर्षं जमवलेला ४५ टक्के नो क्लेम बोनस गेला तोही तुमचाच.

दबावाखाली किंवा फसवून घेतलेल्या अशा सहीने ग्राहकाचा हक्क संपत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच सांगितलंय. पण दबाव होता हे सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. त्यापेक्षा सहीखाली हाताने 'गाडी न तपासता' एवढं लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. काउंटरवरचा चेहरा लगेच बदलतो, करून बघा.

मी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल टाकला. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली, पेंटचं गणित मांडलं. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे. फी नाही, वकीलही नाही. गॅरेजचं काम मात्र त्यांच्या कक्षेत येत नाही, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथेही फी नाही.

एकोणिसाव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. पेंटचे ५,२५० परत. दुसऱ्या फाइल चार्जबद्दल 'आमची भूमिका कायम आहे'. ठीक आहे, माझीही आहे. लोकपालाचा अर्ज काल रात्री भरला. गॅरेजने डिकीचं रबर बदलून दिलं, रंगाचं अजून 'बघतो' चाललंय. स्टेपनीखाली जुना टॉवेल ठेवलाय, आज सकाळी कोरडा होता.