मेल बंद पडला तर पडू द्या

डोंबिवली एमआयडीसी असो की ठाण्याची वागळे इस्टेट, लहान कारखान्यांत मेल सर्व्हरचा अपग्रेड शनिवारी रात्री उरकतात आणि त्याचा निकाल सोमवारी सकाळी लागतो. परचेसवाले म्हणतात कोटेशन आलं नाही, अकाउंट्समधून ओरड होते की बिलं जात नाहीत, आणि शेठ एएमसीवाल्याला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराला, सुनावतात : आधी मेल चालू करा, मग काय ते बघा. माझा सल्ला उलट आहे. आधी मेल नीट बंद करा, मग काय ते बघा.

ईमेलची रचनाच तशी आहे. तुमचा सर्व्हर उत्तर देत नसेल, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्र स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि अधूनमधून पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरमध्ये या प्रयत्नांची मुदत मुळातच ५ दिवसांची असते. ईमेलचं मानकही चार-पाच दिवस तरी वाट पाहायला सांगतं. त्यामुळे दीड दिवस बंद असलेल्या सर्व्हरमुळे पत्रं उशिरा येतात, हरवत नाहीत. धोका असतो तो अर्धवट चालणाऱ्या सर्व्हरचा. अपग्रेडमध्ये पत्त्यांची यादी जागेवर राहिली नसेल, तर तो येणाऱ्या प्रत्येक पत्राला ‘५५०, या नावाचं इथे कोणी नाही’ असं ठणकावून सांगतो. हा नकार कायमचा असतो. पत्र त्याच क्षणी बाउन्स होतं आणि समोरच्या गिऱ्हाईकाला वाटतं, कंपनी बंद झाली.

ताजं उदाहरण डव्हकॉटचं. लिनक्सच्या मेल सर्व्हरवर साधारण दोन कारभारी असतात. पोस्टफिक्स पत्रांची ने-आण करतं. डव्हकॉट ती मेलबॉक्समध्ये ठेवतं, आउटलुकला दाखवतं आणि बऱ्याच ठिकाणी पासवर्डही तपासतं. जानेवारी २०२५ मध्ये डव्हकॉट २.४ आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेबियन या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीसोबत ते सर्व्हरांवर पोहोचलं. या आवृत्तीला २.३ ची सेटिंगची फाइल चालत नाही. फाइलच्या सुरुवातीलाच आवृत्तीचा क्रमांक लिहावा लागतो, मेल कुठे ठेवायचा हे सांगणाऱ्या एका ओळीच्या दोन झाल्या, सर्टिफिकेटच्या ओळींची नावं बदलली. दोन सर्व्हरांवर एकच मेलबॉक्स जुळवून ठेवण्याची जुनी सोय तर काढूनच टाकली.

अपग्रेड चालू असताना डेबियन विचारतं : तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ? नेहमीच्या सवयीने ‘माझीच ठेव’ म्हटलं, तर डव्हकॉट सुरूच होत नाही. ‘नवी घे’ म्हटलं, तर इतक्या वर्षांचे बदल बाजूच्या फाइलीत जाऊन पडतात. डेबियनच्या प्रकाशन टिपणांत हा बदल आधीच लिहिलेला होता, पण ती टिपणं वाचायचे पैसे कोणी एएमसीत धरत नाही.

गोंधळ इथून वाढतो. पासवर्ड तपासणीसाठी पोस्टफिक्स डव्हकॉटवर अवलंबून असेल, तर डव्हकॉट पडल्यावर पत्र घेणारी पोस्टफिक्सची प्रक्रियाही सुरू होता होता मरते. ऑफिसात तक्रार येते : मेल येतही नाही, जातही नाही. मग तंत्रज्ञ पोस्टफिक्सच्या फाइलीत हात घालतो. दोष एकीकडे, बदल दुसरीकडे, आणि पहाटेपर्यंत दोन्ही फाइली बिघडलेल्या. अशा वेळी लॉग उघडून शेवटची नव्हे, पहिली चूक वाचावी. पुढच्या बहुतेक चुका तिच्याच पोटच्या असतात. डेबियन १२ पासून नव्याने बसवलेल्या सर्व्हरवर मेलची जुनी लॉग फाइल आपोआप तयार होत नाही, सिस्टिमच्या जर्नलमध्ये पाहावं लागतं. अनेकजण ती फाइल शोधण्यातच वेळ घालवतात.

दुसरी घाई स्नॅपशॉटची, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्षणाच्या जशाच्या तशा प्रतीची. ‘बिघडलं तर मागे जाऊ’ हे वेबसाइटला ठीक आहे. मेल सर्व्हर मागे नेला, तर मधल्या काळात आलेली पत्रं पुसली जातात, आणि पाठवणाऱ्याच्या दृष्टीने ती पोहोचलेली असल्यामुळे पुन्हा येत नाहीत. म्हणून स्नॅपशॉटच्या आधी पोर्ट २५, म्हणजे बाहेरची पत्रं आत येण्याचं दार, बंद हवं आणि चाचणी पुरी होईपर्यंत ते बंदच राहायला हवं. उघडताना पोस्टफिक्सचं ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू ठेवावं : त्याने आपल्या सर्व्हरचे कायमचे नकार तात्पुरते होतात आणि चुकून नाकारलेलं पत्र पाठवणाऱ्याकडून पुन्हा येतं. सगळं सुरळीत दिसलं की ते बंद करायला मात्र विसरू नये.

मग अपग्रेडच नको, असं म्हणणारे भेटतात. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ ला संपला, तरी त्यावर मेल चालवणं म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती न मिळणारा सर्व्हर रस्त्यावर उघडा ठेवणं. झोहो किंवा गुगलकडे जाणं हा सरळ मार्ग आहे, ज्यांना परवडतो त्यांनी जरूर जावं. पण स्वतःचा सर्व्हर ठेवायचा, तर त्याची किंमत मोजावी लागेल. गडकरी रंगायतनला रंगीत तालीम न करता प्रयोग लावायला कोणी धजत नाही; आपल्याकडे अपग्रेडचा थेट प्रयोगच लागतो. सर्व्हरची प्रत दुसऱ्या मशिनवर उभी करून आधी तिथे अपग्रेड केला, तर डव्हकॉटसारखा बदल दुपारीच समजतो. एन्क्रिप्शनच्या जुन्या टीएलएस आवृत्तीवर अडकलेला स्कॅनर नव्या सर्व्हरला मेल पाठवू शकत नाही, हेही तिथेच कळतं.

एएमसीवाला हे करत नाही, कारण आपण त्याला फक्त बिघाडाला धावून येण्याचे पैसे देतो. पुढचा करार करताना त्यात चार गोष्टी लिहून घ्या : अपग्रेडआधी प्रतीवर तालीम, चालू सेटिंगची छापील प्रत कारखान्यात, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग, आणि जीएसटी विवरणपत्रांच्या ११ व २० तारखेच्या आसपास सर्व्हरला हात नाही. यासाठी तो जास्त पैसे मागेल. ते द्या.