अश्वशक्ती ओढते, थांबवीत नाही

दसरा उलटला की मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे चूल, भांडी, पोराबाळांसह ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्राची वाट धरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या! विक्रेता अश्वशक्तीचे आकडे ऐकवतो. पण उतारावर ब्रेक नसलेली ट्रॉली ट्रॅक्टरलाच पुढे ढकलते. संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडचा औट्रम घाट उतरणाऱ्या चालकास हे शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टर केवढा हवा, हे मागच्या भारावरून ठरावे. ठरते मात्र टनामागे मिळणाऱ्या वाहतूक दरावरून. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारास २० हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनास २ हजार दंड ठेवला. भरणार कोण? उचल घेतलेला ट्रॅक्टरमालक! कारखाना नामानिराळा. वजनकाटा कारखान्याच्याच दारात आहे. भार किती आला, हे त्यास ठाऊक नसते काय?