दुकान उघडे, दार बंद



गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. कोथरूडच्या सुतारदऱ्यातील आमच्या ओळखीच्या महिला बचत गटाने मसाले, भाजणी आणि पापड घरपोच विकण्यासाठी वेबसाईट सुरू केली. मी पेशाने कारकून आणि शिक्षणाने बी.कॉम., म्हणून गटाचा हिशेब माझ्याकडे असतो. साहजिकच दरपत्रक तयार करण्याचे कामही माझ्याकडेच आले. वस्तीतल्याच एका होतकरू मुलाने वेबसाईट बनवून दिली. रंगीत फोटो, ठळक अक्षरे, खाली 'मागणी नोंदवा' म्हणून लाल बटण. भगिनींना आनंद झाला आणि खोटे कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला.

चार दिवसांनी गटातल्या एका ताईंची पुतणी घरी आली. तिला जन्मापासून दिसत नाही. कोथरूडमध्येच गांधी भवनाजवळच्या अंध मुलींच्या शाळेत ती शिकली, आता पदवीचा अभ्यास करते. मोबाईलवर वर्तमानपत्र वाचते, पैसे पाठवते. ती म्हणाली, "काका, तुमचं दुकान उघडलं, पण मला आत काही सापडलं नाही."

मला वाटले, पत्ता चुकला असेल. तिने मोबाईल माझ्यासमोर ठेवून त्याचा आवाज मोठा केला आणि पडद्यावरून बोट फिरवले. मोबाईल बोलू लागला, "प्रतिमा. प्रतिमा. बटण. प्रतिमा. बटण."

"आता सांगा, यातलं काळं तिखट कुठलं आणि पापड कुठला?"

मी काय सांगणार! "मग अशा वेळी तू करतेस काय?" एवढेच विचारले.

"शेजारच्या दादाला बोलावते. पैसे भरायच्या रकान्यांनाही नावं नसली, तर कार्डाचा नंबर, ओटीपी सगळं त्यालाच टाकायला सांगते. मी काय घेतलं, कितीचं घेतलं, सगळं त्याला कळतं. त्याला वेळ नसला की राहून जातं."

दादा चांगला आहे, हे तिचे नशीब. पण स्वतःच्या पैशाने पावशेर मसाला घ्यायलाही ज्याला दुसऱ्याच्या चांगुलपणावर विसंबावे लागते, त्याला आपण गिऱ्हाईक म्हणायचे की याचक? हा प्रश्न काही माझ्या मनातून जाईना.

आता यातली मेख समजून घेऊ. अंध माणसाच्या मोबाईलमध्ये किंवा संगणकात पडदा वाचून दाखवणारी सोय असते. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असते, संगणकावर 'एनव्हीडीए' फुकट मिळते. ही सोय लिहिलेले शब्द वाचते. फोटोमागे शब्द लिहून ठेवले नसतील तर ती फक्त 'प्रतिमा' म्हणते. आमचे अख्खे दरपत्रकच मी छापखान्यातून करून त्याचा फोटो चढवला होता. डोळसाला ते सुंदर दिसत होते. तिच्या लेखी तो कोरा कागद होता.

हा केवळ माणुसकीचा प्रश्न आहे असे मी समजत होतो. कायदा वाचला तेव्हा चूक कळली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ४६व्या कलमात, सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, त्याने सुगमतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यावी, असे सांगितले आहे आणि त्यासाठी नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली आहे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे ती मुदत २०१९ सालीच संपली! मोठा दुकानदार, छोटा दुकानदार असा भेद त्या कलमात नाही. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद ८९व्या कलमात आहे. २०२२ मध्ये नागपूरचे अंध वकील राहुल बजाज यांनी 'प्रॅक्टो' या डॉक्टरांच्या वेळा मिळवून देणाऱ्या खासगी कंपनीविरुद्ध दिव्यांगांच्या मुख्य आयुक्तांकडे दाद मागितली, आणि हे नियम खासगी आस्थापनांनाही लागू आहेत हे आयुक्तांनी स्पष्ट केले.

पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सुगमतेच्या मानकांचा जो नियम सरकारने केला होता, तो नुसत्या शिफारशीच्या स्वरूपाचा आहे, कायदा मात्र बंधन घालतो. म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक नियम करण्यास न्यायालयाने सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या भगिनींच्या आणि एका अंध वकिलाच्या याचिकांवर त्याच न्यायालयाने म्हटले की, मोबाईल-संगणकावरील सेवांपर्यंत पोचता येणे हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बँकेच्या ओळखपडताळणीत पापण्या मिटून दाखवा म्हणतात. ज्यांचे डोळेच ॲसिडने गेले त्यांनी काय मिटावे?

शिफारस आणि बंधन यांतला फरक आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद म्हणजे काय, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले त्यांनीच दुसऱ्यासाठी असे दार बंद ठेवावे, हे कसे चालेल?

असो. दंडाची धास्ती घालण्यासाठी हे लिहीत नाही. काम किती थोडे आहे, हे सांगायचे आहे. आमचे दोन संध्याकाळींत झाले. प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहिली, "काळा मसाला, पाव किलोचे पाकीट, तिखट". ही ओळ ताईंनीच सांगितली. आपला माल त्यांच्याइतका कोणाला ठाऊक! दरपत्रकाचा फोटो काढून टाकला आणि तेच दर साध्या अक्षरांत टाइप केले. टाइप करताना युनिकोडच वापरले. छपाईच्या जुन्या फाँटमधले मराठी वाचणाऱ्या सोयीला निरर्थक अक्षरांसारखे वाटते. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद त्या मुलाने आतल्या बाजूला केली, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी शब्द वाचू पाहतो. नाव, पत्ता, फोन या रकान्यांना आणि बटणांना नावे दिली. फिकट करड्या अक्षरांऐवजी गडद अक्षरे घेतली, त्याचा फायदा आमच्या चष्मेवाल्या आजींनाही झाला. खर्च झाला तो चहाचा.

आपले दुकान, शिकवणी, पोळी-भाजी केंद्र, पतसंस्था काहीही असो, एक परीक्षा घरी करून पाहा. फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि आपल्याच दुकानातून एक वस्तू मागवून दाखवा. (टॉकबॅक सुरू असताना बटण दाबायला बोट दोनदा टेकवावे लागते, बंद कसे करायचे ते आधी पाहून ठेवा, नाहीतर माझ्यासारखी फजिती होईल!) संगणकावर माऊस बाजूला ठेवून फक्त कळफलकाने काम होते का पाहा, हात थरथरणाऱ्या माणसाला माऊस धरता येत नाही. आणि नव्याने वेबसाईट करून घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी ती भारतीय मानक 'आयएस १७८०२' प्रमाणे असावी असे लेखी घ्या. सुरुवातीला केले तर जादा खर्च नगण्य येतो, नंतर भिंत फोडून दार बसवण्यासारखे होते.

ज्यांना अडचण येते त्यांनीही गप्प बसू नये. आधी दुकानदाराला सांगावे. बहुतेकांना आमच्यासारखे ठाऊकच नसते. ऐकले नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, तिथे तक्रार करावी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. इतक्या गिऱ्हाइकांना दाराबाहेर ठेवणारा धंदा हिशेबातही शहाणपणाचा नाही, हे मी कारकून म्हणून सांगतो.

दिवाळीच्या दोन दिवस आधी गटाकडे एक मागणी आली. भाजणी एक किलो, काळा मसाला पाव किलो. पैसे जमा. नाव त्या पुतणीचे होते. रात्री तिचा फोन आला, "काका, या वेळी दादाला बोलावलं नाही. आणि पापडाचे दर तुम्ही दोन रुपयांनी चुकीचे लिहिलेत, तेवढे दुरुस्त करा."

दरपत्रक मी लगेच दुरुस्त केले.