शेवटचे कडवे गाळू नका

१४ एप्रिल जवळ येऊ लागला की सांगोला तालुक्यात जयंती मंडळांची लगबग सुरू होते. वर्गणीच्या पावत्या छापल्या जातात, निळ्या पताका लागतात आणि पहिल्याच बैठकीत विषय निघतो, यंदा डीजे कुणाचा? गायन पार्टी कुणाची बोलवायची, हे मात्र शेवटी, पैसे उरले तर! आम्हाला या क्रमाविषयीच बोलायचे आहे. आणि त्यासाठी महाकवी वामनदादा कर्डक यांचे नाव घेणे भाग आहे.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. पोटासाठी मुंबई गाठली. कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना एका माणसाने त्यांच्यापुढे पत्र धरले, एवढे वाचून दाखवा. दादांना अक्षर येत नव्हते. ती शरम त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी मास्तरांकडून मुळाक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे शिकले. ३ मे १९४३ रोजी या माणसाने पहिले गाणे रचले. पुढची साठ वर्षे ते थांबले नाहीत. दादांची गीते दहा हजारांच्या घरात असल्याचे सांगितले जाते. १५ मे २००४ रोजी ते गेले. पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी विठ्ठल उमप तर नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले.

ही माणसे कोणासाठी गात होती? ज्यांच्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते आणि आले तरी वाचणारा नव्हता, त्यांच्यासाठी! सत्यशोधकांनी जलसा उभा केला, आंबेडकरी जलशाने तो वस्तीवस्तीत नेला. आपल्या दहा भाषणांचे काम एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार खुद्द बाबासाहेबांनी काढल्याचे जलसाकार सांगत आले. पेटी, ढोलकी आणि मागे झील धरणारे चार साथीदार एवढ्या भांडवलावर आमच्या आईबापांना चवदार तळे कळले, काळाराम कळला, धम्म कळला. ते विद्यापीठ होते. त्याला फी नव्हती, प्रवेशबंदी नव्हती.

या विद्यापीठाच्या मास्तरांची एक रीत होती. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे. वामनदादांच्या गीतांत ‘वामन’ येतो तो असा. ही हौस नव्हे, तो सातबारा आहे! सांगोलेकरांना हे वेगळे सांगायला नको. शेजारच्या मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना १३३८ मध्ये चोखोबा दरडीखाली गेले. पंढरपुरात त्यांची समाधी देवळाच्या बाहेरच राहिली. ज्याला आत घेतले नाही, त्याचे नाव सातशे वर्षे टिकले, कारण ते अभंगाच्या शेवटी होते. त्याच चोखोबांना बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार आणि रविदासांसह अर्पण केला. आपल्याच तालुक्यातील नाझऱ्याच्या श्रीधर कवीने अध्यायाच्या शेवटी आपली मुद्रा ठेवली. पोथी वाचताना ती शेवटची ओवी कुणी गाळतो काय?

मग भीमगीताचे शेवटचे कडवेच का गाळले जाते? डीजेच्या ठोक्यावर धृपद चारदा वाजते, एखादे कडवे लागते, की लगेच दुसरे गाणे. दादांचे नाव उच्चारले जाण्यापूर्वीच गाणे कापलेले असते. पोरे रात्रभर दादांच्या शब्दांवर नाचतात आणि शब्द कुणाचे, हे त्यांना ठाऊक नसते.

हा विसर साधा नाही. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ चित्रपटात शेजारच्या आटपाडी भागातील ग. दि. माडगूळकरांची गीते आहेत आणि वामनदादांचेही एक गाणे आहे. माडगूळकरांचे नाव घराघरांत पोहोचले, ते योग्यच झाले. पण त्याच पडद्यावरच्या दुसऱ्या कवीचे नाव किती जणांना सांगता येईल? प्रस्थापितांनी आमच्या कवीला विसरावे, हे समजू शकते. आम्हीच विसरलो तर दोष कुणाला द्यायचा?

तरुणांना नाचायचे आहे, डीजेशिवाय गर्दी जमत नाही, असे मंडळे म्हणतात. नाचायला आमचा विरोध नाही. ढोलकी आणि हलगी वाजली की पाय थांबत नाहीत, हे या मातीला माहीत आहे. परंतु मिरवणुकीचा एक दिवस आवाजाचा असेल, तर निदान एक संध्याकाळ शब्दांची असू द्या. कानठळ्यांनी लहान लेकरे आणि म्हातारी माणसे घरात कोंडली जातात. गायन पार्टीच्या मांडवात तीच पहिल्या रांगेत बसतात.

म्हणून येत्या जयंतीसाठी आमचे मंडळांना सांगणे आहे. गायन पार्टीची बिदागी आधी बाजूला काढा, उरलेल्या पैशांतून बाकीचा थाट करा. तालुक्यातील, जिल्ह्यातील वयोवृद्ध शाहिरांना सन्मानाने बोलवा आणि त्यांच्या सोबतीला एक शिकणारा मुलगा नि एक मुलगी बसवा. ‘वाटचाल’, ‘मोहोळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे दादांचे संग्रह आहेत, त्यांतून गीत पूर्ण घ्या. प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे शब्दांवरचा हक्क टिकतो, म्हणजे दादांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत. आणि आपल्या रचनेला आपले नाव असावे हा हक्क तर गाणे विकले तरी कवीचाच राहतो. ज्या समाजाला संविधानाने हक्क शिकवले, त्याने आपल्याच कवीचा हक्क बुडवावा, हे शोभत नाही.

शिल्लक राहिलेले शाहीर म्हातारे होत आहेत. त्यांच्या वह्यांतली गाणी आणि गळ्यातल्या चाली त्यांच्याबरोबर जाणार, की पुढच्या पिढीच्या ओठांवर येणार, हे सरकार ठरवणार नाही. सांगोल्याच्या मंडळांची येती बैठक ते ठरवील. मांडव घाला, पेटी उघडा आणि गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत गाऊ द्या.

जयभीम!