विश्लेषण : शेजारच्या टेबलावरचा मोठा आवाज… ‘हेडफोन घाल’ एवढाच उपाय आहे?

ऑफिसमध्ये पगार, बढती आणि रजा यांवरून होणारे वाद वर्षातून दोन-चार वेळा होतात. रोज डोके उठवणारा विषय मात्र फार साधा असतो, तो म्हणजे शेजारी बसणाऱ्याचा आवाज. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे फोनवर बोलणारे, व्हॉइस नोट स्पीकरवर लावणारे, जागेवरच बसून ऑनलाइन मीटिंग उरकणारे आणि जेवणानंतर मोबाइलवर आवाजासकट रील्स पाहणारे सहकारी बहुतेक ऑफिसांत सापडतात. त्यांची तक्रार केली की ठरलेला सल्ला मिळतो, ‘हेडफोन घाल की!’ हा सल्ला अपुरा का आहे आणि त्याऐवजी काय करता येते, याविषयी…

७६चे ६७ कसे झाले?

गेल्या पावसाळ्यात एका धरणाच्या पाणीसाठ्याची बातमी मी करत होतो. समोरच्या तक्त्यात ७६ टक्के होते. शेजारच्या खुर्चीवरचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, तालुक्याच्या वार्ताहराकडून फोनवर पावसाचे आकडे घेत होते. पलीकडे रेंज नव्हती. त्यामुळे ते प्रत्येक आकडा ओरडून दोनदा खात्री करून घेत होते, ‘सदुसष्ट ना? सदुसष्ट?’ माझ्या बोटांनी ६७ टाइप केले, बातमी गेली, मोबाइलवर नोटिफिकेशनही गेले. वाचकांनी चूक दाखवली आणि ती दुरुस्त झाली. पण धरणाखालच्या गावांत लोक अशाच आकड्यांवर नजर ठेवून असतात. चूक माझी होती, ती मी मान्य केली. तरी प्रश्न उरतोच. आकडा डोळ्यांसमोर असताना कानावर पडलेला आकडा का लिहिला गेला?

बोलण्याचाच एवढा त्रास का होतो?

पंख्याची घरघर, एसीचा आवाज, रस्त्यावरची वाहतूक यांची आपल्याला सवय होते. माणसाच्या बोलण्याची होत नाही. १९७६ मध्ये कॉल आणि वेल्श या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात लोकांना पडद्यावर दिसणारी अक्षरे क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली आणि त्याच वेळी त्यांना न समजणाऱ्या भाषेतला मजकूर ऐकवला. त्यांच्या चुका वाढल्या. १९८२ मध्ये सालामे आणि बॅडली यांनी आकडे वापरून केलेल्या प्रयोगांतही हाच परिणाम दिसला. डोळ्यांनी वाचलेला आकडाही आपण मनातल्या मनात उच्चारून धरून ठेवतो. बाहेरचे बोलणे नेमके त्याच ठिकाणी शिरते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

या संशोधनातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बऱ्याच मोठ्या मर्यादेत आवाज किती मोठा आहे याने फारसा फरक पडत नाही. शब्द स्पष्ट ऐकू येतात का आणि ते सतत बदलत राहतात का, यावर त्रास अवलंबून असतो. म्हणून ‘एवढा काही मोठा आवाज नाही त्याचा’ हे मॅनेजरचे उत्तर मुद्द्याला धरून नाही. कान खराब होण्याचा प्रश्न डेसिबलचा असतो, काम बिघडण्याचा प्रश्न शब्दांचा असतो.

फोनवरचे बोलणे जास्त का खुपते?

दोन सहकारी समोरासमोर गप्पा मारत असतील तर आपण त्या कसेबसे मागे टाकतो. एकटा माणूस फोनवर बोलत असेल तर ते जमत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे प्रयोगातून दाखवले. दोन्ही बाजू ऐकू येणाऱ्या संभाषणापेक्षा एकच बाजू ऐकू येणाऱ्या संभाषणाने लक्ष लागणाऱ्या कामात अधिक व्यत्यय आला. ‘अहो, पण मग त्यांनी काय सांगितलं?’ एवढेच कानावर पडले की पुढचे काय, हे मेंदू आपोआप जुळवू लागतो. आपण दुसऱ्याचे ऐकतो कशाला, असे स्वतःला दटावून उपयोग नसतो. तो आपला चोंबडेपणा नव्हे.

शरीरावरही परिणाम होतो का?

गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांनी २००० मध्ये ४० महिला कारकुनांवर प्रयोग केला. काहींना शांत खोलीत, तर काहींना मोकळ्या ऑफिसात असतो तसल्या मध्यम गोंगाटात तीन तास काम दिले. ताण जास्त वाटतो, असे गोंगाटातल्या गटाने सांगितले नाही. मात्र त्यांच्या शरीरात एपिनेफ्रिन या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आढळले. नंतर दिलेले न सुटणारे कोडे सोडवण्याचे प्रयत्न त्यांनी लवकर सोडून दिले. खुर्चीत बसण्याची ढब बदलून शरीराला आराम देण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. थोडक्यात, ‘मला आता सवय झाली’ असे आपण म्हणत असलो तरी शरीर त्याची किंमत मोजत असते.

ही बैठक व्यवस्था आली कुठून?

केबिनऐवजी मोकळा हॉल ही कल्पना आजच्या स्टार्टअपची नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत श्नेले बंधूंनी ‘ब्युरोलँडशाफ्ट’, म्हणजे ऑफिसचे मोकळे निसर्गदृश्य, या नावाने ती मांडली. भिंती गेल्या की माणसे एकमेकांशी बोलतील आणि काम सोपे होईल, असा हेतू होता. पुढे कमी जागेत जास्त खुर्च्या हा फायदा मालकांच्या लक्षात आला आणि हेतू मागे पडला.

माणसे खरोखर जास्त बोलू लागली का? हार्वर्डमधील ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन कंपन्यांची मुख्यालये मोकळ्या रचनेत गेल्यावर काय झाले ते मोजले. समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल-मेसेज वाढले. सिडनी विद्यापीठातील किम आणि डी डियर यांनी २०१३ मध्ये ३०३ इमारतींतील ४२,७६४ प्रतिसाद तपासले. मोकळ्या रचनेतून संवाद सोपा होण्याचा जो फायदा होतो, त्यापेक्षा आवाज आणि खासगीपण गमावण्याचा तोटा मोठा असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता.

मग हेडफोनने काय बिघडते?

नॉइज कॅन्सलेशनचे हेडफोन बाहेरच्या आवाजाच्या उलट लहर तयार करून तो आवाज मारतात. एसी, विमान किंवा रेल्वेची एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर त्यामुळे छान कमी होते. माणसाचे बोलणे सतत बदलते आणि त्यातली शब्द ओळखायला लागणारी व्यंजने वरच्या पट्टीत असतात. तिथे हे तंत्र कमी पडते, उरलेले काम कानावरच्या गादीला करावे लागते. वर गाणी लावली आणि त्यांत शब्द असतील, तर एका बोलण्यावर दुसरे बोलणे लावल्यासारखे होते. काही काळ पावसाच्या आवाजाचे रेकॉर्डिंग लावणे त्यापेक्षा बरे.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. त्या चुकीनंतर मी महिनाभर हेडफोन घालून बसलो. शेवटी एकदा दादांशी बोललो, तेव्हा ते म्हणाले, ‘अरे, तू ते कानाला लावून बसतोस. तीन हाका मारल्या तरी तुला ऐकू जात नाही. मग ओरडणार नाही तर काय करणार?’ म्हणजे त्यांच्या आवाजावरचा माझा उपाय त्यांचा आवाज वाढवत होता. त्याचा त्रास आमच्या दोघांच्या मागे बसणाऱ्यांना होत होता.

मोठ्याने बोलणारा मुद्दाम बोलतो का?

बहुतेक वेळा नाही. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवलेला परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भोवती गोंगाट असेल तर माणूस नकळत आवाज चढवतो. न्यूजरूममध्ये चार टीव्ही चालू असतात, फोनवर रेंज नसते, मग आवाज चढतो. तो चढला की शेजारच्यालाही चढवावा लागतो. काहींना कमी ऐकू येते आणि ते त्यांना स्वतःलाही कळलेले नसते. एखाद्या सहकाऱ्याचा आवाज अलीकडे वाढला असेल आणि तो ‘काय? काय म्हणालास?’ असे वारंवार विचारत असेल, तर टोमणा मारण्यापेक्षा कान तपासून घ्यायला सुचवणे योग्य.

मात्र ही सबब सगळ्यांना लागू होत नाही. स्पीकरवर व्हॉइस नोट ऐकणे, आवाजासकट रील्स पाहणे, घरच्या भांडणाचा फोन जागेवरच घेणे याला लोंबार परिणाम म्हणत नाहीत. तिथे शेजारी माणूस काम करतो आहे, याचा विसर पडलेला असतो.

कायद्याचा आधार मिळतो का?

थेट मिळत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार व्यावसायिक भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती परिसरातील आवाजासाठी आहे, टेबलावरच्या गप्पांसाठी नव्हे. साधे बोलणे मीटरभर अंतरावर ६० डेसिबलच्या आसपास असते. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांच्या आरोग्यासंदर्भात स्वच्छता, प्रकाश, वायुवीजन, आगीपासून बचाव यांचा नावानिशी उल्लेख आहे. मोठ्याने होणारे बोलणे लैंगिक स्वरूपाचे असेल आणि त्याचा त्रास महिला कर्मचाऱ्याला होत असेल, तर मात्र २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. बाकी सारे ऑफिसच्या समजूतदारपणावर सोडलेले आहे.

बोलायचे कसे?

पहिले पाऊल त्या व्यक्तीशी बोलणे हेच. तिला काहीच न सांगता वर तक्रार करणे किंवा ऑफिसच्या ग्रुपवर ‘काही लोकांनी आवाजाचे भान ठेवावे’ असा मेसेज टाकणे यासारखा दुसरा घोळ नाही. ज्याच्यासाठी मेसेज असतो तो सोडून बाकी सगळ्यांना तो स्वतःबद्दल वाटतो.

आवाज सुरू असतानाच, वैतागाच्या भरात बोलू नये. चहाच्या वेळी, चारचौघांत नव्हे तर एकट्यात बोलावे. स्वभावाबद्दल काही म्हणू नये, वेळ आणि जागा यांबद्दल म्हणावे. ‘तुम्ही फार मोठ्याने बोलता’ यावर भांडण होते. ‘दादा, चार ते पाच मला आकडे तपासायचे असतात. तेवढा वेळ तुमचे फोन तिकडच्या टेबलावरून घेता येतील का?’ याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते आणि बहुधा ‘हो’ येते. सोबत ‘माझ्याकडून तुम्हाला काही त्रास होतो का?’ हेही विचारावे. उत्तर ऐकायची तयारी ठेवावी. मला हेडफोनबद्दलचे उत्तर असेच मिळाले.

बोलून आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही, तर मग वरिष्ठांकडे जावे. जाताना ‘अमुक फार त्रास देतो’ एवढेच घेऊन जाऊ नये. आठवडाभराची छोटी नोंद न्यावी. त्यात कोणत्या वेळी, कोणते काम सुरू असताना, काय अडले हे असावे. ‘सोमवारी ११ वाजता ग्राहकाचा फोन दोनदा परत करावा लागला’ हे वाक्य वरिष्ठांना कळते. मागणीही ठोस असावी. त्या माणसावर कारवाई नको, बसण्याची जागा बदलून हवी.

आणि साहेबच मोठ्याने बोलत असतील तर?

इथे खरी अडचण असते. ट्रेनीचा आवाज चढला तर त्याला कुणीही गप्प करतो, साहेबांचा चढला तर त्याला ‘हाताखालची माणसे सांभाळणे’ म्हणतात. अशा वेळी एकट्याने जाऊ नये. तीन-चार जणांनी मिळून तक्रार नव्हे तर सोय मागावी. रोज ठरलेला एक तास शांततेचा किंवा फोनसाठी एक वेगळी खोली मागता येते. नियम सगळ्यांना असला की तो साहेबांना सांगावा लागत नाही, दारावर लावता येतो.

ऑफिसने काय करायला हवे?

मोकळ्या जागेत आवाज अंतर दुप्पट झाल्यावर साधारण सहा डेसिबलने उतरतो. काच, टाइल्स आणि उघडे छत असलेल्या ऑफिसात तो त्याहून कमी उतरतो. म्हणून छताला व भिंतींना आवाज शोषणारे साहित्य आणि दोन टेबलांमध्ये उंच पार्टिशन असावे लागते. मोकळ्या ऑफिसांतील आवाज मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३३८२-३, २०१२ पासून उपलब्ध आहे. बोलणाऱ्यापासून किती अंतरावर त्याचे शब्द लक्ष विचलित करण्याइतके स्पष्ट राहत नाहीत, हे त्यात मोजतात. हॉल सजवताना आर्किटेक्टला हे अंतर विचारणारा व्यवस्थापक मला तरी अजून भेटलेला नाही.

पण सगळ्यात स्वस्त उपायाला पैसेच लागत नाहीत. ज्यांचे काम फोनवरचे आहे त्यांना एकत्र बसवावे आणि ज्यांचे काम वाचण्या-तपासण्याचे आहे त्यांना त्यांच्यापासून दूर. सेल्स आणि अकाउंट्स किंवा वार्ताहर आणि मुद्रितशोधक पाठीला पाठ लावून बसले, तर दोघेही आपापले काम नीट करत असतानाच एकमेकांचे काम बिघडवतात. मग त्याचे खापर कुणाच्या तरी स्वभावावर फुटते.

आमच्याकडे शेवटी एवढेच झाले. दादा पावसाचे आकडे आता जुन्या फायलींच्या कपाटामागच्या टेबलावरून घेतात आणि वार्ताहर तेच आकडे मेसेजवरही पाठवतो. मी हेडफोन एकाच कानाला लावतो. दादांचा आवाज अजून तेवढाच मोठा आहे. ते कपाटामागून हाक मारतात तेव्हा ती मला पहिल्यांदाच ऐकू येते.