शेताची राखण, शस्त्र आणि कायदा

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हे तालुके जंगलाला लागून आहेत. धान हाती येण्याच्या सुमारास रानडुकरांचे कळप बांधीत शिरतात आणि वर्षभराची मेहनत एका रात्रीत मातीमोल होते. अशा वेळी राखणीसाठी बंदूक का बाळगू नये, असा प्रश्न शेतकरी विचारतो. तो रास्त आहे. म्हणूनच कायदा काय सांगतो हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शस्त्र अधिनियम, १९५९ ने शेतकऱ्याची ही गरज नाकारलेली नाही. कलम १३ नुसार पीकसंरक्षणाच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी नागरिकास ठासणीच्या, म्हणजेच भरमार बंदुकीचा परवाना मिळू शकतो. मात्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ स्वतंत्रपणे लागू राहतो.

याउलट, घोडा दाबून धरताच गोळ्या सुटतच राहतात अशी स्वयंचलित शस्त्रे 'प्रतिबंधित' आहेत. कलम ७ प्रमाणे केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ती कोणासही बाळगता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षे कारावास आहे. साधी बंदूक विनापरवाना बाळगल्यासही २ ते ५ वर्षे शिक्षा होऊ शकते.

येथे भीतीची सबब चालत नाही. १९९३ मध्ये एके-५६ रायफल बाळगल्याच्या प्रकरणात अभिनेते संजय दत्त यांनी कुटुंबाच्या जिवाला धोका वाटत असल्याचे सांगितले होते. दहशतवादाच्या आरोपातून ते सुटले. परंतु शस्त्र बाळगल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा ६ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली. त्या वेळच्या कायद्यातील ती किमान शिक्षा होती.

आपल्याकडील प्रश्न बहुधा वाडवडिलांच्या बंदुकीचा असतो. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे कलम २१ सांगते. त्यानंतर वारस स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करू शकतो. ज्या बंदुकीस कधीच परवाना नव्हता, तिच्याबाबत वकिलाचा सल्ला घेऊन ती पोलिसांच्या स्वाधीन करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. घरात लपविलेली बंदूक पिकाचे रक्षण करीत नाही. उलट कुटुंबालाच संकटात टाकते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने सुमारे ६० साथीदारांसह शेजारच्या गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. जंगलातील बंदुका अशा कमी होत असताना गावातील विनापरवाना बंदुकाही कमी व्हाव्यात. परंतु शासनाचेही कर्तव्य आहे. पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मिळाली आणि परवान्याचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले नाहीत, तर कायदा पाळणे शेतकऱ्यास परवडेल. केवळ शिक्षेच्या धाकाने ते साधणार नाही.